उधन्याहून वणीला, पायी

चैत्र लागला की सुरतेच्या उधना, लिंबायत, डिंडोली, पांडेसरा या भागांत टेम्पोंना भगव्या पताका बांधल्या जातात. आत गॅसची शेगडी, पातेली, पिठाच्या गोण्या, सतरंज्या आणि औषधांचा डबा. पुढे पालखी किंवा देवीचा फोटो, मागे चालणारी माणसं. त्यांत यंत्रमागावर पाळी करणारे कारागीर असतात, कापड बाजारात गाठोडी वाहणारे असतात, साडीला लेस लावून चार पैसे कमावणाऱ्या बायका असतात आणि नुकतीच दहावीची परीक्षा दिलेली पोरंही असतात. बहुतेकांची मुळं जळगाव, धुळे, नंदुरबार जिल्ह्यांतली. घरात अहिराणी, शाळेत मराठी, बाजारात गुजराती असा त्यांचा दिवस जातो. सुरत महानगरपालिका आजही मराठी माध्यमाच्या शाळा चालवते, ती याच वस्त्यांसाठी.

ही माणसं निघतात ती वणीच्या सप्तशृंगीला किंवा शिर्डीला. नवसारी, चिखली, वांसदा, वाघई, सापुतारा, मग घाटमाथा ओलांडून वणी आणि दिंडोरी. सुरतेपासून नाशिकपर्यंत हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या आसपास भरतं, शिर्डीपर्यंत तीनशेच्या वर जातं. पालख्या ते साधारण आठ-दहा दिवसांत कापतात. या वाटेच्या शेवटच्या टप्प्यात जो मुलूख लागतो, तो देशातला सर्वांत मोठा द्राक्षवाइनचा पट्टा आहे.

युरोपात असा रस्ता असता तर त्याला नाव असतं, नकाशा असता, दर कोसावर खूण असती. आपल्याकडे तो रस्ता आहे, त्यावरून चालणारी माणसं आहेत, डोंगर आहेत, द्राक्षमळे आहेत. पायी चालणाऱ्याला मात्र स्वतःची जागा नाही. तो डांबराच्या कडेला, ट्रकच्या वाऱ्यात चालतो.

चार नद्या आणि एक पाणलोट

सुरतेतून दक्षिणेला निघालेला पदयात्री पहिले दोन-तीन दिवस सपाट, हिरव्या मुलखातून चालतो. दोन्ही बाजूंना ऊस, केळी, पुढे गणदेवी-अमलसाडच्या बाजूला चिकू आणि आंबा. मिंढोळा, पूर्णा, अंबिका, कावेरी अशा नद्या एकामागून एक ओलांडाव्या लागतात. या साऱ्या पूर्वेकडच्या डोंगरांतून येऊन अरबी समुद्राला मिळतात. म्हणजे माणूस समुद्राकडून डोंगराकडे, पाण्याच्या उलट दिशेने चालत असतो.

वांसद्याजवळ उनाईचे गरम पाण्याचे झरे आहेत. थकलेल्या पायांना तिथं मोठा आराम मिळतो. त्यापुढे वाघई येतं आणि साग-बांबूचं जंगल सुरू होतं. बिलिमोऱ्याहून वाघईपर्यंत आलेली अरुंद मार्गाची रेल्वे बडोद्याच्या गायकवाडांच्या काळातली, १९१३ सालची. ती इथंच थांबते. पुढचा डोंगर तिनं चढलाच नाही.

डांग जिल्हा इथून अंगावर येतो. भिल्ल, कोकणा, वारली लोकांची वस्ती, नागलीची शेती, कौलारू घरं. डांगी बोली मराठी कानाला चटकन समजते. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याची वाटणी झाली आणि डांग गुजरातेत गेला. पण सीमेच्या दोन्ही बाजूंची सोयरीक, बाजारहाट आणि देवदेव आजही एकच आहेत. २०२१ साली गुजरात सरकारनं डांग हा संपूर्ण नैसर्गिक शेतीचा जिल्हा म्हणून जाहीर केला.

वाघई ते सापुतारा हा टप्पा साधारण पन्नास किलोमीटरचा. पदयात्रेतला सर्वांत अवघड भाग हाच. चढ सलग आहे, वळणं आंधळी आहेत आणि चैत्रातलं ऊन सकाळी नऊलाच डोक्यावर येतं. म्हणून पालख्या पहाटे तीन-चारला उठतात. हातात बॅटरी, अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट, पुढच्या माणसाच्या पाठीवर नजर. एकमेकांना हाक मारायची ती ‘साईराम’ म्हणून, नाव माहीत असो वा नसो. दुपारी शाळेच्या ओसरीत किंवा मंदिराच्या सभामंडपात पाठ टेकायची. पायाला आलेल्या फोडातून सुईनं दोरा ओवून ठेवायचा, म्हणजे पाणी निथळतं आणि कातडी निघत नाही. हा उपाय कोणत्याही पालखीतली जुनी बाई नव्या पोराला करून देते. मग तेल लावून, मोजे चढवून तो पुन्हा उभा राहतो.

सापुताऱ्याच्या पुढे राज्य बदलतं आणि हतगड दिसतो. सुरगाणा तालुक्यातला हा किल्ला घाटाच्या तोंडाशी उभा आहे. त्याच्या परिसरात, बोरगावच्या आसपास, थंडीत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीच्या पाट्या लागतात. नागली-वरईच्या उतारावर आदिवासी शेतकऱ्यांनी हे पीक रुजवलं आणि सापुताऱ्याला येणारा सुरती पर्यटक त्याचं हक्काचं गिऱ्हाईक झाला.

पाणलोटही याच भागात बदलतो. केमच्या डोंगरात गिरणेचा उगम आहे. ती पूर्वेला वळते, कळवण-मालेगाव करत खानदेशात उतरते आणि जळगाव जिल्ह्यात तापीला मिळते. तापी पुढे सुरतेला जाते. सुरतेतला खानदेशी माणूस घाट चढून येतो तेव्हा तो आपल्या गावाच्या आणि आपल्या पोटापाण्याच्या शहराच्या, दोन्हींच्या पाण्याच्या मुळाशी आलेला असतो. थोडं दक्षिणेला सरकलं की कादवेचं खोरं लागतं. ते पाणी गोदावरीला मिळून बंगालच्या उपसागराकडे जातं. द्राक्षाचा मुलूख तिथून सुरू होतो.

सुरतेहून परतलेली फौज

या वाटेला इतिहास आहे आणि तो सुरतेशीच बांधलेला आहे.

शिवाजी महाराजांनी सुरत दुसऱ्यांदा लुटली ती ऑक्टोबर १६७० मध्ये. परतताना ते बागलाणातून, मुल्हेरच्या बाजूनं आले. मोगल सरदार दाऊदखान कुरेशी त्यांना अडवायला चांदवडला पोहोचला होता. सातमाळा रांगेतल्या कांचनबारीजवळ १७ ऑक्टोबरला दोन्ही फौजांची गाठ पडली. लूट घेऊन चाललेला तांडा पुढे काढून देत महाराजांच्या सैन्यानं मोगलांचा उघड्या मैदानात पराभव केला. इतिहासात ही वणी-दिंडोरीची लढाई म्हणून ओळखली जाते. पुढच्या काही महिन्यांत साल्हेर स्वराज्यात आला आणि १६७२ मध्ये तिथंही मोगलांना हार पत्करावी लागली. १५६७ मीटर उंचीचा साल्हेर हा महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोनं मराठा लष्करी भूप्रदेशातल्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली, त्यात साल्हेर आहे.

अठराव्या शतकात मराठ्यांच्या फौजा गुजरातेत उतरल्या त्या सेनापती दाभाड्यांच्या नेतृत्वाखाली. त्या घराण्यातल्या उमाबाई दाभाडे यांचं माहेर अभोण्याचं, ठोके देशमुखांचं. सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या त्यांनी बांधवल्या असं परंपरा सांगते. बोरगावच्या पुढे वाट फुटते तेव्हा काही पदयात्री कनाशी-अभोण्याकडून नांदुरीला येतात, काही सरळ वणीला उतरतात. अभोण्याची वाट धरणारे उमाबाईंच्या माहेरातून जाऊन त्यांच्याच पायऱ्या चढतात. २०१८ पासून गडावर रोप-वे पद्धतीची फ्युनिक्युलर ट्रॉली सुरू झाली आहे. पण सुरतेपासून चालत आलेला माणूस शेवटच्या पाचशे पायऱ्यांसाठी ट्रॉलीत बसत नाही.

रामनवमीपासून चैत्र पौर्णिमेपर्यंत गडावर चैत्रोत्सव चालतो. खानदेशाला देवीचं माहेर मानतात, त्यामुळे या यात्रेत गर्दी मुख्यतः तिकडचीच. चतुर्दशीच्या रात्री दरेगावच्या गवळी घराण्याचा मानकरी गडाच्या सुळक्यावर कीर्तिध्वज लावतो. त्या सुळक्यावर एरवी कुणी चढत नाही. आश्विनात दुसरी मोठी यात्रा भरते. कोजागरीला तापी, नर्मदा आणि इतर नद्यांचं पाणी कावडीतून आणून देवीला अभिषेक होतो.

दोन यात्रा, दोन छाटण्या

वणीहून दिंडोरीकडे वळलं की ओझरखेड धरणाचं पाणी दिसतं आणि त्याच्या पुढे बागा सुरू होतात. लोखंडी अँगल, तारा, काळी-तपकिरी खोडं, ठिबकच्या नळ्या, मध्ये ट्रॅक्टर जाईल एवढी पट्टी. उत्तरेला मागे वळून पाहिलं तर सप्तशृंगी, मार्कंड्या, अहिवंत, अचला अशी सातमाळेची रांग उभी असते. दक्षिणेला रामशेज दिसू लागतो. संभाजी महाराजांच्या काळात या लहानशा किल्ल्यानं औरंगजेबाच्या सरदारांना सहा वर्षांच्या आसपास झुंजवलं होतं.

चैत्रात किंवा कोजागरीला येणाऱ्या पदयात्रीला या बागांत बहुधा एकही घड दिसत नाही. कारण यात्रेचे दोन हंगाम आणि द्राक्षाच्या दोन छाटण्या जवळजवळ एकाच वेळी येतात.

थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं झाडून झोपते. तिची छाटणी वर्षातून एकदा होते आणि फळ सप्टेंबर-ऑक्टोबरात येतं. नाशिकला वेलीला अशी झोप मिळत नाही. ती वर्षभर फुटत राहते. म्हणून इथल्या शेतकऱ्यानं तिला दोनदा छाटायचं तंत्र बसवलं. पहिली खरड छाटणी, एप्रिलच्या सुमाराला. यात काडी अगदी आखूड ठेवतात. नवी फूट येते, ती फळासाठी नसते. उन्हाच्या जोरावर काडी पक्व होते आणि पुढच्या हंगामाचे घड त्या काडीतल्या डोळ्यांत सूक्ष्म रूपात तयार होतात. पावसाळा संपताना, सप्टेंबर-ऑक्टोबरात, दुसरी छाटणी. तिला गोडी छाटणी म्हणतात. या वेळी किती डोळ्यांवर काडी कापायची हे जाणकार माणूस काडी हातात घेऊन ठरवतो. कापल्यावर डोळ्यांना पेस्ट लावतात म्हणजे ते एकसारखे फुटतात. आठवड्या-दहा दिवसांत डोळा फुगतो, कापसासारखा मऊ होतो आणि हिरवा-गुलाबी कोंब बाहेर येतो. त्या अवस्थेला बागायतदार ‘पोंगा’ म्हणतात. इथून पुढे ते रात्री नीट झोपत नाहीत, कारण या काळात पाऊस पडला की डाऊनी हा बुरशीचा रोग आला.

मग फुलोरा, मग मणी. खाण्याच्या द्राक्षात मणी मोठा हवा, म्हणून घड संजीवकाच्या द्रावणात बुडवायचे, कात्रीनं विरळणी करायची, प्रत्येक घडात मण्यांची संख्या मोजकी ठेवायची. वाइनच्या द्राक्षाचं गणित वेगळं आहे. मणी वाटाण्याएवढा, साल जाड, आत बिया. चव आणि रंग सालीत असतो, त्यामुळे मणी लहान असला की रसाच्या मानानं साल जास्त मिळते. वेलीवर माल कमी ठेवतात. डिसेंबर-जानेवारीत मण्यात पाणी उतरतं, रंग चढतो. रात्री थंड आणि दिवस स्वच्छ उन्हाचे असले की साखर वाढते आणि आंबटपणाही टिकतो. साखरेचं माप ब्रिक्समध्ये मोजत, ते बावीस-चोविसाच्या घरात आलं की जानेवारी ते मार्च या काळात तोडणी होते. तोडणी भल्या पहाटे करतात, म्हणजे माल थंड असतानाच क्रेटमधून वायनरीत पोहोचतो.

नाताळ आणि नववर्षाच्या सुमारास शिर्डीला निघणाऱ्या पालख्यांना मात्र या बागा भरलेल्या दिसतात. तेव्हा निफाडच्या बाजूला पारा कधी कधी पाच अंशांच्या खाली जातो. मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात, ठिबक चालू ठेवतात. त्या धुरातून पालख्या पुढे सरकतात.

द्राक्ष कसं आलं, वाइन कशी आली

घाटमाथ्याची भिंत या सगळ्याच्या मुळाशी आहे. डांग-सुरगाण्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. ढग तिथंच रिकामे होतात आणि पूर्वेला निफाडपर्यंत येता येता तो आकडा पाच-सहाशेवर उतरतो. कोरडी हवा, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरची उंची आणि डोंगरातल्या पाण्यावर बांधलेली धरणं: करंजवण, पालखेड, ओझरखेड, वाघाड. द्राक्षाला आणखी काय हवं?

या भागात द्राक्षाची पहिली व्यापारी लागवड ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाड यांनी १९२५ च्या सुमारास केली असं मानतात. वाइनची सुरुवात पिंपळगाव बसवंतला, १९८० च्या दशकात, पिंपेन या सहकारी प्रकल्पातून झाली. फ्रेंच तंत्रज्ञान आणून बुडबुड्यांची वाइन तयार करण्याचा तो प्रयत्न फार टिकला नाही, पण या मातीत ते होऊ शकतं हे त्यानं दाखवलं.

१९९० च्या दशकात स्टॅनफर्डमध्ये शिकून परतलेले राजीव सामंत गंगापूर धरणाजवळच्या आपल्या घरच्या जमिनीवर आले. आंबा, गुलाब, खाण्याची द्राक्षं असे प्रयोग करून त्यांनी १९९७ साली सॉव्हिन्यों ब्लां आणि शेनिन ब्लां या जातींच्या काड्या लावल्या. आई सुलभा यांच्या नावावरून कंपनीचं नाव ठेवलं सुला. पहिली वाइन २००० साली बाजारात आली. २००१ मध्ये महाराष्ट्र सरकारनं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं, विंचूरला वाइन पार्क झालं आणि पाठोपाठ वायनरी उभ्या राहिल्या. दिंडोरी तालुक्यात फ्रेंच शॅन्डन आली. २०१० मध्ये ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक मानांकन मिळालं.

सरळ चढण मात्र नव्हती. २००८ च्या मंदीत आणि मुंबईवरच्या हल्ल्यानंतर पर्यटन आटलं, वाइनचा खप घसरला. अनेक लहान वायनरी बंद पडल्या. करारावर वाइनची द्राक्षं लावलेल्या शेतकऱ्यांचा माल उचलला गेला नाही. खाण्याचं द्राक्ष बाजारात कुठंही विकता येतं, वाइनचं द्राक्ष वायनरीनं नाकारलं तर त्याला दुसरं गिऱ्हाईक नसतं. अनेकांनी बागा उपटल्या. ज्यांनी टिकवल्या त्यांना पुढे चांगले दिवस आले. २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला तेव्हा राज्यभर वाद पेटला, अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला आणि निर्णय अमलात आला नाही.

या पट्ट्यात सामूहिक कामाची परंपराही मजबूत आहे. वाघाड धरणाचं पाणी शेतकऱ्यांच्या पाणीवापर संस्था स्वतः वाटून घेतात. ओझरच्या समाज परिवर्तन केंद्रानं १९९० च्या दशकात लावलेलं ते रोप. मोहाडीला विलास शिंदे यांच्या पुढाकारानं उभी राहिलेली सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांची कंपनी आज देशातल्या मोठ्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते.

सुरतेहून आलेला पदयात्री इथली वाइन पीत नाही. पालखीत असेपर्यंत दारू आणि मांस वर्ज्य असतं, शिवाय तो ज्या राज्यातून आलेला असतो तिथं मुंबई राज्याच्या काळापासून दारूबंदी आहे. पण म्हणून या बागांशी त्याचं नातं नाही असं म्हणता येत नाही. हात लागलेला प्रत्येक घड त्याच्यासारख्याच कुणीतरी सांभाळलेला असतो.

याच रस्त्यानं कामाला जाणारे

पालख्या वर्षातून काही आठवडे असतात. या रस्त्यावर बारा महिने चालणारी दुसरी वर्दळ मजुरांची आहे. डांग, सुरगाणा, पेठ, धरमपूर या भागांतली आदिवासी कुटुंबं पावसाळ्यातलं नागली-भाताचं पीक निघालं की घराबाहेर पडतात. काही खाली गुजरातेत ऊसतोडीला जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘कोयता’ म्हणून मोजलं जातं. काही वर, दिंडोरी-निफाडच्या बागांत येतात. छाटणी, पेस्टिंग, शेंडा खुडणं, काडी बांधणं, डिपिंग, विरळणी ही सगळी कामं बहुतेक उक्त्यावर, एकराच्या हिशेबानं घेतली जातात. एका टोळीत दहा-पंधरा माणसं असतात. त्यांचे मुक्काम बागेच्या कडेला, प्लास्टिकच्या कापडाखाली किंवा पत्र्याच्या खोल्यांत. छाटणीच्या दिवसांत दिंडोरी-वणीच्या चौकांत सकाळी मजुरांची गर्दी उसळते.

चालणं या लोकांच्या अंगवळणी पडलेलं आहे आणि त्यांनी ते राजकारणातही वापरून दाखवलं. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघालेला शेतकऱ्यांचा लाँग मार्च १२ मार्चला मुंबईत पोहोचला, त्यात सुरगाणा, पेठ, दिंडोरी, कळवण इथले आदिवासी हजारोंनी होते. वनजमिनीचे पट्टे ही त्यांची मुख्य मागणी. मुंबईतल्या मुलांच्या दहावीच्या परीक्षेत अडथळा येऊ नये म्हणून ते रात्रभर चालत आझाद मैदानात गेले. २०२३ च्या मार्चमध्ये पुन्हा मोर्चा निघाला तो दिंडोरीहूनच.

म्हणजे या डोंगराळ द्राक्षमुलखातून पायी जाण्याची कारणं तीन: भक्ती, पोट आणि हक्क. तिन्ही वेळा माणसं तोच रस्ता वापरतात आणि तिन्ही वेळा त्यांना रस्त्याच्या कडेवरच चालावं लागतं.

कडेवरून चालणं

ती कडा धोक्याची आहे. सापुताऱ्याच्या घाटात २ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे भाविकांची बस कठडा तोडून दरीत गेली. त्यात किमान पाच जणांचा जीव गेला. वाहनात बसलेल्यांची ही गत, तर पायी चालणाऱ्यांचं काय? शिर्डीच्या आणि वणीच्या वाटेवर पदयात्रींना वाहनानं उडवल्याच्या बातम्या जवळजवळ दर हंगामात येतात. राष्ट्रीय महामार्ग ९५३ सोनगड, आहवा, सापुतारा, वणी करत पिंपळगाव बसवंतला जातो. रस्ता रुंद होतो आहे, वाहनं वाढताहेत, वेग वाढतो आहे. साइडपट्टी अनेक ठिकाणी नावापुरती आहे. बायकांसाठी मैलोन् मैल स्वच्छतागृह नाही.

शिवाय सुरत-चेन्नई द्रुतगती मार्गाची आखणी सुरगाणा, पेठ, दिंडोरी, नाशिक, निफाड, सिन्नर या तालुक्यांतूनच झाली. बागायती जमिनीच्या मोबदल्यावरून दिंडोरी-निफाडच्या शेतकऱ्यांनी त्याविरुद्ध आंदोलनं केली. हा मार्ग जेव्हा होईल तेव्हा सुरत-नाशिक अंतर दीड तासाच्या आत येईल असं सांगितलं गेलं. द्रुतगती मार्गावर पायी चालणाऱ्याला मज्जावच असतो. त्याच्यासाठी जुनाच रस्ता उरतो.

स्पेनमधलं उदाहरण इथं पाहण्यासारखं आहे. सेंट जेम्सच्या समाधीकडे, सांतियागो द कोंपोस्तेलाला जाणारी यात्रेची वाट पिरेनीज पर्वतापासून नवारा आणि रिओहाच्या द्राक्षमळ्यांतून जाते. मध्ययुगात गजबजलेली ही वाट विसाव्या शतकात ओस पडली होती. ओ सेब्रेइरो गावच्या एलियास वालिन्या या धर्मगुरूनं १९८० च्या दशकात हातात पिवळा रंग घेऊन झाडांवर, दगडांवर, भिंतींवर बाण काढत ती पुन्हा आखली. १९८७ मध्ये युरोप परिषदेनं तिला पहिला युरोपीय सांस्कृतिक मार्ग म्हणून जाहीर केलं. एस्तेयाजवळच्या इराचे वायनरीनं १९९१ साली आपल्या भिंतीला नळ बसवला. यात्रेकरूनं थांबावं, वाइनचा घोट घ्यावा आणि पुढे जावं. २०२४ मध्ये पाच लाखांच्या जवळपास माणसांनी सांतियागोला पोहोचल्याचा दाखला घेतला. वाटेवरची मरगळलेली खेडी त्यांच्या मुक्कामांवर पुन्हा उभी राहिली. त्या रस्त्यावर श्रद्धेनं चालणारा आणि हौसेनं चालणारा एकाच बाणामागे जातात.

आपल्याला तर इतकं लांब जायचीही गरज नाही. आळंदी आणि देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी मार्गांचं काम करताना दोन्ही बाजूंना वारकऱ्यांसाठी वेगळा पायी मार्ग ठेवायचं ठरलं, त्याचं भूमिपूजन ८ नोव्हेंबर २०२१ ला झालं. महामार्ग बांधतानाच चालणाऱ्याची जागा राखायची, हे या देशात मान्य झालेलं तत्त्व आहे. भादव्याच्या पौर्णिमेला अंबाजीला लाखो लोक पायी जातात तेव्हा गुजरातचं प्रशासनही वाटेवर निवारा, पाणी, दवाखाने उभे करतं. दोन्ही राज्यांना हे काम येतं. फक्त सुरत-वणी या वाटेकडे अजून कुणी त्या नजरेनं पाहिलेलं नाही.

करता येण्यासारखं बरंच आहे आणि त्याला फार पैसाही लागणार नाही. घाटमाथ्यावरून वणीकडे येताना मुख्य रस्त्याला समांतर गाडीवाटा आहेत, शिवारातले पाणंद रस्ते आहेत. त्यांच्यासाठी महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये मातोश्री पाणंद रस्ते योजना आणली. बोरगाव ते नांदुरी आणि वणी ते दिंडोरी या टप्प्यांत हे पाणंद जोडले आणि वळणावळणावर खुणा लावल्या, तर पदयात्री महामार्ग सोडून बागांमधून चालू शकेल. जिल्हा परिषदेच्या शाळा मुक्कामाला आजही उघड्या होतात. त्यांना पाण्याची टाकी आणि स्वच्छतागृह मिळालं तर मुलांचीही वर्षभराची सोय होईल. वायनरींनी आणि मोठ्या बागायतदारांनी आपल्या फाटकाशी पाण्याचा नळ आणि सावलीची शेड द्यावी. ज्या टोळ्यांच्या हातांवर त्यांचा धंदा उभा आहे त्यांनाही त्या शेडचा उपयोग होईल. वाटेवरच्या आदिवासी घरांना नागलीची भाकरी आणि मुक्काम यांतून रोख पैसा मिळेल. ट्रेकिंग करणाऱ्या तरुणांना हतगड, अहिवंत, मार्कंड्या, रामशेज एका ओळीत पाहता येतील.

वेळही योग्य आहे. नाशिकच्या २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी जिल्ह्यात रस्त्यांची कामं निघाली आहेत आणि गुजरातेतून येणारा मोठा ओघ सापुताऱ्याच्या घाटातूनच येणार आहे. त्या कामांत पायी मार्गाचा समावेश आत्ताच झाला तर होईल, डांबर पडून गेल्यावर पुन्हा खोदून कुणी तो करणार नाही.

सुरत महानगरपालिकेत, विधानसभेत आणि संसदेत खानदेशी मतदारांनी निवडून दिलेले प्रतिनिधी आहेत. पालखीला हार घालायला ते येतात, टेम्पोला झेंडा दाखवतात. उधना-लिंबायतच्या मंडळांनी त्या वेळी त्यांच्या हातात एक अर्ज द्यावा. वाघई ते सापुतारा या घाटात रस्त्याच्या एका बाजूला कठड्यासह दीड मीटरची पायी पट्टी, यात्रेच्या पंधरवड्यात पहाटे जड वाहनांना बंदी आणि दर पाच किलोमीटरवर पाणी व बायकांसाठी स्वच्छतागृह, एवढ्या तीनच मागण्या त्यात असाव्यात. तसाच अर्ज वणी आणि दिंडोरीच्या ग्रामस्थांनी नाशिकच्या जिल्हाधिकाऱ्यांना द्यावा. चैत्रोत्सव रामनवमीला सुरू होतो. अर्ज दिवाळीत गेला तर कामाला पाच महिने मिळतात.